साठीनंतर बिनबाह्यांचा ब्लाऊज: तुमचं उशिरा केलेलं धाडस सांगा

मिरजेची_बाई

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर 'छान' लिहून पळ काढणारी बाई. आज स्वतःच धागा काढतेय, तेव्हा समजून घ्या.

वय ६१. ३४ वर्षं शाळेत शिकवलं, २०२२ ला निवृत्त झाले. माझं कपाट उघडलंत तर पावसाळी आभाळ दिसेल. राखाडी, बदामी, पिस्ता, आणि एक मोरपंखी, तीही धुऊन धुऊन आभाळाच्याच रंगाला आलेली. साडी घेताना निकष एकच होता, अंगावर खडू दिसू नये. ब्लाऊज कोपरापर्यंत, पाठ झाकलेली, गळा असा की मोठा मणी घातला तर तो ब्लाऊजवरच टेकेल.

यंदा एप्रिलमध्ये मिरजेत जो काही उन्हाळा झाला, त्यात भाचीने जांभळ्या रंगाची मलमलची साडी आणून दिली. काठ हळदीपिवळे. हातात घेतली तर फुंकरीसारखी हलकी. आणि माझ्या डोक्यात आलं की हिच्यावर कोपरापर्यंतच्या बाह्या म्हणजे सरबतावर ब्लँकेट. बिनबाह्यांचाच शिवायचा.

आमचे टेलर वीस वर्षांपासूनचे. मापाचा ब्लाऊज दिला, कापड दिलं. त्यांनी वहीत लिहायला पेन्सिल उचलली आणि सवयीने विचारलं, "बाही नेहमीसारखी?" मी म्हटलं, "बाही नको." पेन्सिल थांबली. "म्हणजे मेगा स्लीव्ह?" "नाही हो. बाहीच नको." दुकानात दोन बायका होत्या. एक माझी माजी विद्यार्थिनी, हे सांगायलाच नको. मिरजेत दुसरं कोण भेटणार?

आठ दिवसांनी आणायला गेले. पिशवीतून काढला तर तीन इंची बाही! टेलर अगदी मायेने म्हणाले, "काकू, मला वाटलं तुम्ही चुकून बोललात."

मी तो तसाच घेऊन आले. भांडलेही नाही. घरी येऊन पलंगावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. राग टेलरचा नव्हता हो. त्यांनी वीस वर्षं ज्या बाईची मापं घेतली, तिच्यासाठीच शिवलं त्यांनी.

तर सांगा, पन्नाशी-साठीनंतर तुम्ही कपड्यांत काय बदल केला? कुणाला धीर करून सांगावं लागलं? आणि हा ब्लाऊज उसवू का ठेवू?

जास्वंदी_रोपवाटिका

सरबतावर ब्लँकेट 😂 उसवा. आजच्या आज उसवा.

शिवणटिपण

थांबा थांबा, कात्री ठेवा खाली!

बाहीच्या ब्लाऊजचा मुंढा (बाही जोडायची गोलाई) मुळात सैल आणि खोल कापलेला असतो, हात हलायला जागा हवी म्हणून. नुसती बाही काढलीत तर काखेशी तोंड वासून बसेल. बिनबाह्यांचा कापतानाच मुंढा साधारण अर्धा इंच वर घेतात आणि खांदा अरुंद ठेवतात. आता कापून झालेलं कापड वाढत नाही, पण सांभाळता येतं: खांद्याची शिवण उसवून अर्धा इंच उचला, बाजूच्या शिवणी काखेपाशी थोड्या दाबा, मग मुंढ्याला तिरप्या पट्टीची पायपिंग लावा. काढलेल्या बाहीतूनच पट्टी निघेल. गळा थोडा वर येईल, पण तुमचा गळा तसाही घशापर्यंत असणार, म्हणजे आणखी वर गेला तर बोलता येणार नाही (गंमत करतेय, हलकं घ्या). तेव्हा पुढचा गळाही इंचभर उतरवून घ्या त्याच बैठकीत.

आणि सगळ्यांसाठी: पन्नाशीनंतर शिवून घेताना आत दोन्हीकडे दीड इंच माया सोडायला सांगा. अंग एका जागी राहत नाही. पुढून हुक लावा, पाठीमागची काज-बटणं बोटं आखडायला लागली की रडवतात.

वऱ्हाडी_ठेचा

अव माय, काय बाई हाय ही! टेलरले म्हणा, मी चुकून नाही बोलली, चौतीस वर्षं चुकून गप होती.

घाटावरचा

धागा वाचला. कुणाला दुखवायचं नाही, पण वेगळं मत मांडतो. प्रत्येक वयाला एक डौल असतो. माझी आई शेवटपर्यंत नऊवारीत होती, काय रुबाब होता! हल्ली साठीच्या बायका मुलींसारखं दिसायची धडपड करतात ते पाहवत नाही. धाडस वगैरे मोठे शब्द वापरायची गरज नाही. वयाला शोभेल असं ल्यावं, एवढंच.

उनाड_मावशी

नऊवारीत पोटऱ्या दिसतात, दादा. दंड दिसले की डौल जातो आणि पोटरी दिसली की रुबाब येतो, हे गणित जरा इस्कटून सांगा.

जास्वंदी_रोपवाटिका

उनाड_मावशी +१००. हाय काय नाय काय!

घाटावरचा

पोटरी आणि नऊवारी ही आपली परंपरा आहे. तुलना चुकीची.

मांडवीकाठ

परंपरेचा विषय निघालाच आहे म्हणून. मी गोव्याची. लहानपणी आमच्या वाड्यावर म्हाताऱ्या कुणबी बायका शेतावर जायच्या. लाल चौकटीचं जाडसर लुगडं, खांद्यावर पदराची गाठ, आणि आत पोलकं नाहीच. दंड, खांदा, अर्धी पाठ उघडी. सत्तरीच्या बायका. कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही की काही दिसतंय. पुढे तेच लुगडं फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने रॅम्पवर नेलं आणि मग शहरातल्या लोकांना ते 'बोल्ड' वाटायला लागलं. माझ्या सासूबाई तर म्हणायच्या की पोलकं ही शाळा शिकलेल्यांची फॅशन.

मिरजेची_बाई, तुम्ही तेव्हा पुढे नाही, मागे चाललाय. 😄

सही_शिक्का

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना?

सरकारी कचेरीत ३३ वर्षं काढली. माझे शर्ट दोनच रंगांचे असायचे, मळखाऊ आणि त्याहून मळखाऊ. आमच्याकडे शर्ट घेताना दुकानदाराला रंग सांगत नाहीत, "मळखाऊ दाखवा" म्हणतात. वडील तसंच म्हणायचे, मीही म्हणत आलो. टाळेबंदी संपत आली तेव्हा वय ५७, मुलीने ऑनलाइन जीन्स मागवून दिली. आयुष्यातली पहिली. घालून आरशासमोर उभा राहिलो, बायको म्हणाली, बरी दिसते. म्हटलं, सोमवारी ऑफिसला. तर डिसेंबर २०२० मध्ये शासनाचं परिपत्रक, कार्यालयात जीन्स-टीशर्ट नको, शुक्रवारी खादी घाला! एवढ्या वर्षांत मी एकदा बंड करायचं ठरवलं आणि सरकारने त्याची दखल घेतली.

तीन महिन्यांनी जीन्सची बंदी मागे घेतली. तोवर पोट वाढलं होतं.

आता निवृत्त आहे. गेल्या दिवाळीला गुलाबी कुर्ता घेतला. राणी नव्हे, फिका. सोसायटीत एकाने विचारलं, "काय हो, मुलीचं लग्न ठरलं का?" मोठ्या माणसाच्या अंगावर रंग दिसला की घरात कार्य आहे, असंच धरून चालतात.

उनाड_मावशी

"मळखाऊ आणि त्याहून मळखाऊ" 🙏 सही_शिक्का, तुमचा वेगळा धागा येऊ द्या.

नर्मदा६२

इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

कोल्हापूरकडची आहे. २०१९ ला हे गेले. आमच्या घरात कुणी मला काही बंद कर म्हणालं नाही. सासरे तर आधीच म्हणाले होते, की त्यांच्या आजीला विधवेचं आलवण नेसवलं होतं, ते लाल लुगडं बघून लहानपणी भीती वाटायची, तसलं काही या घरात नको. मीच बंद केलं. बांगड्या काढल्या, ठळक रंग वर ठेवून दिले. कुणी सांगितलं असतं तर भांडले असते. कुणी सांगितलं नाही, म्हणून भांडायला समोर कुणी नव्हतं.

मे २०२२ मध्ये आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रकही निघालं, बाकीच्या गावांनी तसं करावं म्हणून. टीव्हीवर आठवडाभर तेच. मी भाजी निवडत बघत होते. सून म्हणाली, "आई, वरची पेटी काढू का?" मी म्हटलं, राहू दे.

पेटी निघाली ती पुढच्या वर्षी, वाळवी लागली म्हणून. आत माझी अबोली इरकल होती, लाल टोपपदराची. यांनी बागलकोटला बदलीवर असताना आणलेली. आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग हात लावला. चार वर्षं एकाच घडीवर राहिल्याने घडीच्या रेषेत रेशीम विरलेलं. उघडताना हलकासा आवाज झाला, आणि हातभर फाटली.

त्या दिवशी मात्र रडले. मग सुनेने फाटलेला भाग टाकून तिचा कुर्ता शिवून आणला, टोपपदर पुढच्या बाजूला छातीवर. आयुष्यात कधी पंजाबी ड्रेस घातला नव्हता. ५९ व्या वर्षी घातला. बाजारात गेले. भाजीवालीने नेहमीसारखीच कोथिंबीर कमी दिली, म्हणजे विशेष काही झालं नाही.

रेशमी साड्या तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून घडी बदला, एवढंच सांगायला आले होते खरं तर.

जास्वंदी_रोपवाटिका

नर्मदाताई… काही लिहिता येत नाहीये. कुर्त्याचा फोटो टाकाल? चेहरा नको, नुसता पदर.

शिवणटिपण

नर्मदाताई, सुनेला माझा नमस्कार सांगा. इरकलीचा टोपपदर वेगळ्या ताण्याचा असतो, अंगाच्या दोऱ्यांत अडकवून सांधलेला. त्यामुळे बाकीची विरली तरी पदर बरेचदा धड राहतो. सुनेने तो सांधा न तोडता कापलं असेल तर तिचा हात चांगला आहे.

नर्मदा६२

सांधा तोडला नाही. विचारलं तिला. खूश झाली.

एडिसन_ची_आई

अवांतर: न्यू जर्सीत मुलाकडे असते वर्षातले सहा महिने. समोरच्या घरातली आजी महिन्यातून एकदा जांभळे कपडे आणि लालभडक टोपी घालून निघते. पहिल्यांदा वाटलं चर्चचं काही असेल. मग कळलं, रेड हॅट सोसायटी म्हणून आहे, १९९८ मध्ये सुरू झालेली. पन्नाशी ओलांडलेल्या बायका लाल टोपी घालून जेवायला जातात. पन्नाशीच्या आतलीला लाल टोपी मिळत नाही, तिने गुलाबीवर भागवायचं! म्हणजे भडक रंग घालायला आधी वय कमवावं लागतं. आपल्याकडे उलट शिस्त.

मी मात्र तिकडे स्पोर्ट्‌स शूज घालून साडी नेसते. गुडघ्यांसाठी. सून म्हणते ट्रेंडी दिसतं. काही म्हणो, गुडघे सुखी.

घाटावरचा

नर्मदाताईंच्या प्रतिसादाला नमस्कार. तो विषय वेगळा आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. माझा मुद्दा फक्त उगाच तरुण दिसण्याच्या अट्टहासाबद्दल होता.

उनाड_मावशी

पण घाटावरचा, धागाकर्तीने 'तरुण दिसायचंय' असं कुठे लिहिलंय? उकडतंय असं लिहिलंय.

मीही तरुण दिसायला काही केलं नाही. उलट कलप सोडला. ५२ व्या वर्षी टाळूला खाज, कपाळावर पुरळ, डोळे सुजले. डॉक्टरांनी सांगितलं, कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी, आता डबा बंद. चार महिने अर्धे काळे अर्धे पांढरे डोकं घेऊन फिरले, मांजर बरं. मग सरळ बारीक कापून टाकले. आणि गंमत म्हणजे पांढऱ्या केसांवर जे रंग खुलतात ते काळ्यांवर कधी खुललेच नव्हते. गर्द निळा, किरमिजी, काळा. आता कानात एवढी मोठी चांदीची कर्णफुलं घालते. माझ्या वयाकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि मला चालतं.

मिरजेची_बाई

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. नर्मदाताईंचा तीनदा. 'कुणी सांगितलं नाही, म्हणून भांडायला समोर कुणी नव्हतं' इथे अडकले, आणि त्यामुळे एक गोष्ट लिहावी लागतेय जी मूळ लेखात गाळली होती.

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाचं परिपत्रक निघालं, आठवत असेल. बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता, जीन्स-टीशर्ट कुणीच नाही. मी तेव्हा घरी बसले होते. मैत्रिणी फोनवर चिडल्या होत्या, मीही चिडले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आमच्या शाळेत असल्या परिपत्रकाची कधी गरजच पडली नाही. मी होते.

२००६-०७ ची गोष्ट. मी पर्यवेक्षिका. नवीन लागलेली एक मुलगी, गणित शिकवायची, एका शनिवारी बिनबाह्यांचा ब्लाऊज घालून आली. साडी व्यवस्थित, पदर पिनअप केलेला. मी तिला स्टाफरूममध्ये सर्वांदेखत म्हटलं, "बाई, शाळा आहे, लग्न नाही." आणि माझी शाल तिच्या खांद्यावर घातली. मार्च महिना होता. तिने तीन तास ती शाल पांघरून शिकवलं. सुटताना घडी घालून परत आणून दिली, "थँक्यू मॅडम" म्हणाली.

मला त्या वेळी वाटलं होतं, किती प्रेमाने हाताळलं मी.

टेलरने बाही लावून दिली तेव्हा मला राग का आला नाही, ते आता कळलं. त्यांनी माझंच काम केलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा

बाई…

सही_शिक्का

लिहिलंत हे बरं केलंत. मीही एका कनिष्ठ लिपिकाला लाल शर्टावरून "काय रे, टॅक्सी स्टँडवर चाललास का" म्हणालो होतो. सगळे हसले होते. तोही.

मांडवीकाठ

त्या मुलीशी संपर्क आहे का?

मिरजेची_बाई

नाही. पण नंबर मिळू शकेल.

घाटावरचा

ताई, शाळेची शिस्त ही वेगळी गोष्ट आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमचं काम केलंत.

मिरजेची_बाई

घाटावरचा, धीर दिल्याबद्दल आभार. पण मला माझी बाजू घ्यायला आत्ता कुणी नकोय.

मिरजेची_बाई

धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी. दोन बातम्या आहेत.

पहिली. नंबर मिळाला. दोन दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवला. शेवटी केला. ती आता दुसऱ्या गावात मुख्याध्यापिका आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर मी शालीचा विषय काढला. मला वाटलं होतं म्हणेल, अहो, मला आठवतसुद्धा नाही.

म्हणाली, "आठवतंय ना मॅडम. लिंबू रंगाचा होता. आईने शिवला होता."

मी माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "शाळेत नाही घातला परत, पण दर रविवारी घालायचे हं. विरेपर्यंत घातला." आणि मग हसायला लागली. "मॅडम, गेल्या वर्षी ते परिपत्रक स्टाफ मीटिंगमध्ये मलाच वाचून दाखवावं लागलं. वाचताना तुमचीच आठवण येत होती. समोर दोघी नवीन मुली बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघितलंच नाही मी."

पुढे आम्ही दोघी पाच मिनिटं नुसत्या उकाड्यावर बोललो.

दुसरी. शिवणटिपण यांचा प्रतिसाद कागदावर उतरवून टेलरकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून वाचला, "बाई जाणकार आहेत" म्हणाले, आणि समोरच खांदा उसवायला घेतला. पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "काकू, वहीत काय लिहू? पुढच्या वेळी पण असंच?" मी हो म्हटलं. माझ्या नावापुढचं 'बाही कोपर' खोडून त्यांनी नुसती एक आडवी रेघ मारली.

काल भिशीला नेसून गेले. एकीने साडीचं कौतुक केलं. एक दंडाकडे बघून तांदळाच्या पापडाविषयी बोलायला लागली. वारा मात्र छान लागत होता.

उनाड_मावशी

तांदळाचा पापड 😂😂 फोटो! फोटो!

नर्मदा६२

छान झालं बाई. मलमल कुठून घेतली भाचीने? धुतल्यावर आटते का?

मिरजेची_बाई

नर्मदाताई, आटते. आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच फॉल लावा. दुकान विचारून तुमच्या विचारपुशीत कळवते.

शिवणटिपण

मुंढा बसला का नीट, ते कुणी सांगेल का? इथे सगळे रडताहेत आणि हसताहेत.

मिरजेची_बाई

डावा एकदम छान. उजवीकडे अजून गबाळा आहे, हात वर केला की फाकतो. गुरुवारी परत टाकलाय.